औंढ्याजवळचं लायगो फक्त फिजिक्सवाल्यांचं आहे का?

वसमतकर (धागाकर्ता)

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी मोजणारं यंत्र उभं राहणार हे आता जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्राची तत्त्वतः मान्यता मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या आणि त्यांतून जा-ये करणारा लेसर. गावात बोलणं चालतं ते रस्ता, जमिनीचे भाव आणि नोकऱ्या यांचं, आणि ते चालायलाच पाहिजे. मला बोलायचंय ते महाविद्यालयांतल्या एका वाक्याबद्दल. हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या गणित शिकवणाऱ्या कुणाजवळही विषय काढा, उत्तर येतं, "ते फिजिक्सवाल्यांचं आहे, आपला काय संबंध?"

मी स्वतः गणित शिकवतो आणि हे वाक्य मला अजिबात मान्य नाही.

गुरुत्वीय लहरी मोजायच्या म्हणजे अवकाशातलं अंतर किती ताणलं-आखडलं ते मोजायचं. वक्र अवकाशात अंतर म्हणजे काय, हे १० जून १८५४ रोजी ग्योटिंगेनच्या व्याख्यानात जर्मन गणिती रीमाननी मांडलं. पुढं इटलीत रिची आणि लेवी-चिविता यांनी त्याची हिशेबाची पद्धत बसवली. आईनस्टाईनना हे गणित येत नव्हतं. १९१२ साली ते झ्युरिकला परतले तेव्हा जुना वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान तिथं भूमितीचा प्राध्यापक होता. विद्यार्थी असताना याच मित्राच्या वह्या वाचून आईनस्टाईननी परीक्षा दिल्या होत्या. दोघांचा १९१३ चा लेख सरळ दोन भागांत आहे: भौतिकीचा भाग आईनस्टाईनच्या नावावर, गणिताचा भाग ग्रोसमानच्या नावावर. त्यातली समीकरणं अजून नीट बसलेली नव्हती, ती नोव्हेंबर १९१५ मध्ये बसली. पण त्या लेखाशिवाय तिथं पोचताच आलं नसतं.

याच्याही पुढची एक हकिकत फार कमी लोकांना माहीत आहे. १९१६ मध्ये आईनस्टाईननी स्वतःच गुरुत्वीय लहरींचं भाकीत केलं होतं. १९३६ मध्ये मात्र नेथन रोझेन यांच्यासोबत त्यांनी असा लेख लिहिला की अशा लहरी असूच शकत नाहीत. तो 'फिजिकल रिव्ह्यू'कडं गेला. संपादकांनी तो एका परीक्षकाकडं पाठवला आणि परीक्षकानं पानंच्या पानं टीप लिहून दोष दाखवला. छापायच्या आधी लेख तिसऱ्याला दाखवलाच कसा, म्हणून आईनस्टाईननी संतापून तो परत घेतला. परीक्षक होते प्रिन्स्टनचे हॉवर्ड रॉबर्टसन, गणित आणि भौतिकी दोन्हीकडं वावरणारे. नंतर त्यांनी आईनस्टाईनचे सहकारी इन्फेल्ड यांच्याशी मैत्री केली आणि समोरासमोर बसून अडचण समजावली: दोष लहरींत नव्हता, मोजायला निवडलेल्या निर्देशकांत (को-ऑर्डिनेट्समध्ये) होता. लेख बदलला आणि १९३७ मध्ये दुसऱ्या नियतकालिकात उलट निष्कर्षासह आला. परीक्षक कोण होता हे जगाला कळलं २००५ मध्ये.

हे सगळं दुधाळ्याला येणाऱ्या यंत्राच्या पूर्वजांचं बोलणं आहे. ते लहरींच्या समीकरणाइतकंच दोन माणसांनी एकत्र बसण्याबद्दल आहे.

गणितातली सर्वांत प्रसिद्ध जोडी हार्डी आणि लिटलवूड यांची. जवळपास शंभर शोधनिबंध दोघांच्या नावावर. त्यांचे आपसातले चार नियम हाराल्ड बोर यांनी सांगून ठेवलेत (हे नील्स बोर यांचे धाकटे भाऊ, गणिती आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये डेन्मार्ककडून खेळलेले फुटबॉलपटू). एकानं दुसऱ्याला लिहिलेलं बरोबर आहे की चूक, यानं काही फरक पडत नाही. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, किंवा ते वाचायचंसुद्धा, बंधन नाही. दोघांनी एकाच बारकाव्यावर डोकं चालवू नये. आणि एखाद्या लेखात एकाचा काडीचाही वाटा नसला तरी नाव दोघांचंच.

पहिला नियम मला सगळ्यांत मोठा वाटतो. चुकीचं बोलायची मुभा असल्याशिवाय सहकार्य होत नाही. आपल्याकडं स्टाफरूममध्ये नेमकी तीच मुभा नसते. गणिताच्या माणसाला भौतिकीचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, कारण प्रश्न कच्चा असतो. भौतिकीचा माणूस आपलं गणित दाखवत नाही, कारण सिद्धता नसते.

मला इथल्या मंडळींना विचारायचंय: मराठवाड्यात गणित आणि भौतिकीची माणसं नियमित एकत्र बसतील अशी सोय करता येईल का? तुमच्याकडं कुठं असं चालतं का?


पूर्णामाय

सर, लेख आवडला. मी परभणी जिल्ह्यात बी.एस्सी.ला भौतिकी शिकवते, त्यामुळं दुसरी बाजू मांडते.

तुमच्या मांडणीत गणित आधी येतं आणि भौतिकी नंतर येऊन ते उचलते. पुष्कळदा उलटं झालंय. डिरॅकनी १९२० च्या दशकात डेल्टा फलन वापरायला सुरुवात केली. एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडं शून्य आणि खालचं क्षेत्रफळ एक. गणिताच्या व्याख्येप्रमाणं हे फलनच नव्हे. आम्ही ते वापरत राहिलो, उत्तरं बरोबर येत राहिली. १९४० च्या दशकात लोरां श्वार्त्झनी त्याला पक्का पाया दिला आणि १९५० चं फील्ड्स पदक (गणितातला सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक) मिळवलं. फाइनमन यांच्या पथ-संकलनाचं (कणाच्या सगळ्या शक्य वाटांची बेरीज करायची पद्धत) तर अजूनही सगळं गणित पक्कं झालेलं नाही, आणि त्यावर आम्ही सत्तरेक वर्षं हिशेब करतोय.

पण मला खरं सांगायचंय ते १९९१ चं प्रकरण. मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मुलं पुढं सरकून बसतात.

पाचव्या घाताच्या एका समीकरणानं बनणारी त्रिमितीय आकृती घ्या (मिती संमिश्र संख्यांच्या हिशेबानं). तिच्यावर सरळ रेषा किती मावतात? उत्तर २,८७५, हे एकोणिसाव्या शतकातच काढलेलं होतं. दुसऱ्या घाताचे वक्र किती? ६,०९,२५०, हे १९८६ मध्ये शेल्डन कॅट्झ यांनी काढलं. तिसऱ्या घाताच्या वक्रांवर नॉर्वेचे दोन गणिती, एलिंग्सरुड आणि स्ट्रॉम, संगणकाच्या मदतीनं काम करत होते. त्यांचं उत्तर आलं २,६८,२५,४९,४२५.

त्याच वेळी कँडेलास आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी स्ट्रिंग सिद्धांतातून (मूलकण म्हणजे कंप पावणाऱ्या बारीक तारा असं मानणारा भौतिकीचा सिद्धांत) वेगळाच रस्ता काढला. त्या सिद्धांतात अशा आकृत्या जोडीनं येतात आणि एकीवरचा अवघड हिशेब दुसरीवर सोपा होतो. त्यांनी सगळ्या घातांची उत्तरं एकदमच काढली, आणि तिसऱ्या घाताचं उत्तर होतं ३१,७२,०६,३७५. दोन आकडे जुळत नव्हते. गणिती म्हणाले, तुमच्याकडं सिद्धताच नाही. थोड्याच दिवसांत नॉर्वेच्या जोडीला स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली. ती दुरुस्त करून पुन्हा चालवला तर उत्तर आलं भौतिकीवाल्यांचंच.

यातला मला आवडणारा भाग असा की दोघांनीही आपापलं उत्तर लपवलं नाही आणि चूक सापडल्यावर ती लगेच सगळ्यांना कळवली. त्यानंतर गणितींनी या विषयात उडीच घेतली, आणि १९९६ नंतर या सूत्राच्या रीतसर सिद्धता आल्या. भौतिकीनं गणिताला उत्तर दिलं होतं, गणितानं त्याला कारण दिलं.

तेव्हा 'लायगो गणिताचंही आहे' एवढ्यावर थांबू नका. आमचं कच्चं, सिद्धता नसलेलं काम तुमच्या माणसांनी मनापासून बघावं, ही माझी मागणी आहे. एकत्र बसायला मी तयार आहे.


अंशछेद

नांदेडला गणितात संशोधन करतोय. दोन्ही प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले.

सहकार्य होत नाही याचं एक कारण संकोच आहे हे खरं, पण दुसरं कारण कागदावर आहे. पदोन्नतीच्या गुणांकनात मुख्य लेखकाला जास्त आणि बाकीच्यांना कमी गुण. मग पहिलं नाव कुणाचं यावरच बोलणं अडतं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) दोन विभागांचा चांगला चाललेला विषय याच एका मुद्द्यावर बंद पडलेला मी पाहिलाय. गणितात जगभर वर्णानुक्रमानं नावं लावायची पद्धत आहे, म्हणून हार्डी-लिटलवूड आणि हार्डी-रामानुजन. तिथं 'पहिला लेखक' ही गोष्टच नसते. गंमत म्हणजे गुरुत्वीय लहरी सापडल्याचा फेब्रुवारी २०१६ चा शोधनिबंध हजाराहून जास्त लेखकांचा आहे आणि त्यातही नावं वर्णानुक्रमानंच आहेत. म्हणजे सगळ्यांत मोठं सहकार्य करायची वेळ आली तेव्हा भौतिकीनंही तीच पद्धत धरली.

हार्डींचा पहिला नियम उघड्यावर चालवून बघितल्याचं उदाहरणही आहे. जानेवारी २००९ मध्ये टिमोथी गावर्स यांनी ब्लॉगवर विचारलं की एखादा अवघड प्रश्न शेकडो लोक मिळून सोडवू शकतील का. प्रश्न निवडला तो अनेक मितींतल्या फुल्ली-गोळ्याशी नातं असलेल्या एका प्रमेयाचा. नियम एकच महत्त्वाचा: विचार पूर्ण व्हायची वाट बघू नका, अर्धा सुचला तरी लिहा. साधारण दीड महिन्यात काम झालं आणि निबंध डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक नावानं निघाला. पुढं २०१३ मध्ये यितांग झांग यांनी सिद्ध केलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. तेव्हा याच गटानं ते अंतर ४,६८० पर्यंत आणलं, आणि जेम्स मेनार्ड यांच्या नव्या पद्धतीची जोड मिळाल्यावर २४६ पर्यंत.

एवढ्यासाठी फक्त जोडणी आणि वेळ लागतो, प्रयोगशाळा लागत नाही. हे आपल्याला जमण्यासारखं आहे.


कळमनुरीचा_मास्तर

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर हाय. तुमचं सगळंच कळलं असं म्हणत नाही, पण वाचून लई बरं वाटलं. आमच्याकडची लेकरं दुधाळ्याचं नाव काढून विचारत्यात. दोन प्रश्न.

एक, आपल्या भागात जमीन हालती. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आम्ही विसरलो नाही, आणि अलीकडं हिंगोली, वसमत, औंढ्याकडं धक्के बसत्यात, रात्री भांडी वाजत्यात. मग इतकं नाजूक यंत्र इथंच का?

दोन, आठवी-नववीच्या लेकराला यातलं खरंखुरं काय करता येईल? चित्र चिटकवायचं नाही, स्वतःच्या हातानं करायचं असं काही सांगा.


सिग्नल_लातूर

मास्तर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी मूळ लातूरचा, पुण्यात सिग्नल प्रोसेसिंगचं काम करतो.

या यंत्राला रोज त्रास होतो तो सततच्या बारीक थरथरीचा: रेल्वे, जड वाहनं, वारा आणि मुख्य म्हणजे समुद्राच्या लाटा. किनाऱ्यापासून दूर, कठीण खडकाची, गर्दी नसलेली सपाट जागा म्हणून अनेक जागांची पाहणी करून दुधाळा निवडलं. मोजायचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजाराव्या भागाच्या आसपास असतो, म्हणून आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांना टांगलेले असतात. भूकंपाच्या वेळी यंत्राचं मोजमाप तुटतं, मग ते पुन्हा लावावं लागतं. कॅलिफोर्निया काय किंवा दूरचा पॅसिफिक काय, मोठा धक्का बसला की अमेरिकेतली लायगोची दोन्ही यंत्रंही हीच गोष्ट सोसतात. इमारती आणि पाया भूकंपाचा विचार करूनच बांधावे लागतात, आणि इथल्या हालचालींवर लक्ष ठेवायचं काम पुढंही चालूच राहायला पाहिजे. ही शंका तुम्ही विचारलीत ते योग्यच आहे.

आता धाग्याच्या विषयाकडं, कारण माझ्या कामातली सगळ्यांत सुंदर गोष्ट इथंच येते.

१४ सप्टेंबर २०१५ ला आलेला पहिला संकेत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाच होता. दोन कृष्णविवरं, सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट, एकमेकांभोवती फिरून एक झाली आणि तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरींच्या ऊर्जेत गेलं. तिथून इथवर यायला १०० कोटींहून जास्त वर्षं लागली. यंत्रात येणारा संकेत गोंगाटात बुडालेला असतो. तो वेगळा काढायचा तर अपेक्षित लहरीचा नमुना आधी गणितानं तयार करायचा आणि आलेल्या नोंदीवर सरकवत सरकवत गुणाकारांची बेरीज करायची. जिथं नमुना जुळतो तिथं बेरीज एकदम चढते. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी निघालेली ही युक्ती आहे. गुरुत्वीय लहरींसाठी तिची पायाभूत मांडणी १९९१ मध्ये सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी केली, आणि धुरंधर सरांचं हे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत झालं.

प्रश्न असा की नमुने किती बनवायचे? वस्तुमानं किती, भ्रमण किती, हे आधी माहीत नसतं. फार विरळ नमुने घेतले तर संकेत निसटतो, फार दाट घेतले तर संगणक पुरत नाही. इथं गणित परत येतं. दोन शेजारच्या नमुन्यांत 'अंतर' किती हे ठरवायला वस्तुमानांच्या पटलावर एक मापन बसवतात, आणि ते मापन म्हणजे रीमानचंच. १९९६ मध्ये बेंजामिन ओवेन यांनी ते नीट मांडून दाखवलं. पहिल्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले.

म्हणजे वसमतकर सर, १८५४ चं ते व्याख्यान या यंत्रात दोनदा येतं: एकदा आकाशात, अवकाश वाकतो म्हणून, आणि दुसऱ्यांदा संगणकात, नमुने कुठं मांडायचे म्हणून. दुसऱ्या ठिकाणी गुरुत्वाकर्षणाचा काहीच संबंध नाही. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरं काही केलं नाही. युजीन विग्नर यांनी १९६० मध्ये विचारलं होतं की गणित निसर्गाला इतकं कसं लागू पडतं. मला त्याच्या जोडीला हेही विचारावंसं वाटतं की एकच गणित इतक्या निराळ्या जागी कसं उगवतं.


जुना_सेलूकर

निवृत्त माणूस आहे, वेळ आहे म्हणून लिहितो.

मराठवाडा मागासलेला, इथं विज्ञान नव्हतंच, असं तरुण मंडळी धरून चालतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि आपल्या भागातले शिकू पाहणारे हैदराबादला उस्मानियात जात. तिथं गणित आणि भौतिकी उर्दूतून शिकवत. रझीउद्दीन सिद्दीकी हे तिथं गणिताचे प्राध्यापक होते. लाइप्झिगला हायझेनबर्ग यांच्याकडं पीएच.डी. करून आलेले. पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) नवीकोरी असताना ती आपल्याच संस्थानाच्या विद्यापीठात एक गणिती शिकवत होता. नंतर ते पाकिस्तानात गेले.

दुसरं, सापेक्षतेच्या गणितात भारतीयांचा वाटा सांगायचा तर बनारसला विष्णु वासुदेव नारळीकर होते, जयंत नारळीकरांचे वडील. गणिताचे प्राध्यापक. त्यांच्याकडं प्र. चु. वैद्य काम करायला गेले आणि १९४३ मध्ये प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या अवकाशाचं समीकरण सोडवलं. आज जगभर ते वैद्यांच्या नावानं ओळखतात. गणिताच्या विभागात झालेलं काम, फळ भौतिकीला.

अंशछेद, तुमच्यासाठी एक. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये विभाजनांचं सूत्र दिलं: एखादी संख्या किती प्रकारे बेरजेत फोडता येते. २०० साठी उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८. ते सूत्र बरोबर आहे हे पटायला मॅकमेहन यांनी हातानं केलेला तक्ता कामी आला. हा तिसरा माणूस नेहमी विसरला जातो. १९३७ मध्ये नील्स बोर आणि काल्कर यांनी अणुगर्भाच्या ऊर्जापातळ्या मोजायला तेच सूत्र घेतलं, कारण एकूण ऊर्जा कणांमध्ये किती प्रकारे वाटता येते हा तोच प्रश्न. आणि १९४६ मध्ये दिल्लीच्या औलक आणि कोठारी यांनी उलट्या दिशेनं जाऊन वायूंच्या सांख्यिकीतून विभाजनांबद्दल निष्कर्ष काढले. कोठारी म्हणजे कोठारी आयोगाचे दौलतसिंह कोठारी. शिक्षणाच्या परीक्षेला त्यांचं नाव पाठ करतो, हे काम मात्र कुणी सांगत नाही.


एकांडा

चर्चा चांगली आहे, पण माझा विरोध नोंदवतो. सहकार्याचं कौतुक हल्ली फार होतं. फर्माच्या शेवटच्या प्रमेयासाठी अँड्रयू वाइल्स सात वर्षं माळ्यावरच्या खोलीत एकटे होते. पेरेलमननी सेंट पीटर्सबर्गला एकट्यानं प्वांकारेचा प्रश्न सोडवला, फील्ड्स पदक आणि दहा लाख डॉलर दोन्ही नाकारले. झांग यांनाही कुणी विचारत नव्हतं. खोल काम एकांतातच होतं. आपल्या शिक्षकांकडं आधीच बैठका, अहवाल, निवडणुकीची कामं. आणखी एक बैठक लावू नका, त्यांना दार बंद करून बसू द्या.


वसमतकर (धागाकर्ता)

एकांडा, तुमचं म्हणणं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. सलग वेळ नसेल तर कुठलंच सहकार्य कामाचं नाही. इथल्या शिक्षकाला तो वेळ मिळत नाही ही खरी अडचण आहे.

पण तुमचीच उदाहरणं शेवटपर्यंत बघा. वाइल्स यांनी १९९३ मध्ये सिद्धता जाहीर केली आणि ती तपासताना निक कॅट्झ यांच्या प्रश्नातून भगदाड उघडं पडलं. ते बुजवायला त्यांनी जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर यांना बोलावलं, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये काम पुरं झालं. पेरेलमन ज्या रिची प्रवाहावर (आकृतीची वक्रता हळूहळू सारखी करत नेण्याची पद्धत) उभे राहिले तो रिचर्ड हॅमिल्टन यांचा, आणि बक्षीस नाकारताना हॅमिल्टन यांचा वाटा आपल्यापेक्षा कमी नाही असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या नोव्हेंबर २००२ च्या लेखाच्या नावातच एन्ट्रॉपी आहे, म्हणजे भौतिकीतून आलेली कल्पना. ते खोलीत एकटे होते, विचारात एकटे नव्हते.

हार्डी-लिटलवूडच्या तिसऱ्या नियमाचा अर्थ मी असाच लावतो: दोघांनी एकाच बारकाव्यावर बसायचं नाही. म्हणजे काम वेगवेगळ्या खोल्यांत, दार बंद करून. एकत्र यायचं ते फक्त कुठं अडलंय ते सांगायला.

पूर्णामाय म्हणाल्या ती दिशाही मान्य. आमच्या बाजूनं सिद्धता मागण्याची घाई होते. त्यांचा कच्चा हिशेब आधी चालवून बघायचा, मग तो का चालतो ते शोधायचं, असं ठरवू.


पूर्णामाय

मग ठरवूच. पूर्णा जंक्शन सगळ्यांना सोयीचं आहे, परभणी, नांदेड आणि हिंगोली तिन्हीकडून गाडी येते. महिन्याच्या एका रविवारी, ओळखीच्या शाळेचा वर्ग मिळेल. अहवाल नाही, प्रमाणपत्र नाही, फोटो नाही. दोन माणसांनी बोलायचं, एक गणिताचा, एक भौतिकीचा, आणि दोघांनीही न सुटलेलंच आणायचं. सुटलेलं सांगायला सेमिनार आहेत. एकांडा, तुम्हीही या, तुमचा मुद्दा लोकांसमोर यायला हवा.

आणि मास्तरांचा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. कोण घेतंय?


अंशछेद

मी घेतो. मास्तर, हे लेकरांकडून करून घ्या.

लहर प्रकाशाच्या वेगानं येते. अमेरिकेतली दोन यंत्रं, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, सरळ रेषेत सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत. प्रकाशाला तेवढं जायला १० मिलिसेकंद लागतात. २०१५ चा संकेत लिव्हिंग्स्टनला ६.९ मिलिसेकंद आधी आला. लहर दोन्ही यंत्रांच्या रेषेतूनच आली असती तर फरक १० असता, काटकोनात आली असती तर शून्य. वहीत काटकोन त्रिकोण काढायचा, कर्ण १० सेंटिमीटर, एक भुजा ६.९ सेंटिमीटर, आणि मधला कोन कोनमापकानं मोजायचा. साधारण ४६ अंश येईल. दहावीच्या लेकरांना कोसाइनचा तक्ता देता येईल. म्हणजे लहर त्या रेषेशी ४६ अंशांच्या कोनातून आली, पण नेमकी कुठून? तेवढाच कोन करणारी आकाशात एक पूर्ण गोल कडी निघते. दोन यंत्रांवरून फक्त वेळेच्या फरकानं एवढंच कळतं.

आता औंढ्याचं यंत्र आलं की काय होईल याचा हिशेब मी काल केला. औंढा १९.६ उत्तर, ७७ पूर्व. हॅनफर्ड ४६.५ उत्तर, ११९.४ पश्चिम. पृथ्वीच्या केंद्रापासून दोन्ही ठिकाणांकडं सदिश काढून गुणाकार घेतला, मधला कोन आला सुमारे ११२ अंश. पृथ्वीच्या पोटातून सरळ अंतर सुमारे १०,६०० किलोमीटर, म्हणजे ३५ मिलिसेकंद. लिव्हिंग्स्टनसाठी तेच करून सुमारे ११,५०० किलोमीटर, ३८ मिलिसेकंद. अमेरिकेतल्या जोडीच्या साडेतीन पटींहून जास्त. वेळ मोजण्यातली चूक तेवढीच राहिली तर कडी तेवढ्या पटीनं बारीक होणार.


सिग्नल_लातूर

आकडे बरोबर आहेत, मीही करून बघितले. एक भर घालतो. तीन यंत्रं झाली की दोन कड्या एकमेकींना दोन बिंदूंत छेदतात. तिन्ही यंत्रांतून जाणारं प्रतल आरसा धरला तर ते बिंदू एकमेकांची प्रतिबिंबं असतात, म्हणून वेळेवरून दोघांतला खरा कुठला ते कधीच कळत नाही. त्यासाठी प्रत्येक यंत्रातला संकेत किती मोठा आला ते बघावं लागतं, कारण भुजांच्या दिशेप्रमाणं तो कमीजास्त होतो. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीत पिसाजवळचं व्हर्गो हे तिसरं यंत्र निरीक्षणात सामील झालं आणि १७ ऑगस्टची न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर सुमारे ३० चौरस अंशांत बसवता आली, तेव्हा दुर्बिणींना एनजीसी ४९९३ ही दीर्घिका सापडली. २०१५ चा पहिला संकेत सुमारे ६०० चौरस अंशांत पसरलेला होता.

पूर्णामाय, पहिल्या रविवारी हाच प्रश्न मांडाल का? भुजांच्या दिशा धरून संकेताच्या उंचीचं सूत्र तुम्ही भौतिकीकडून काढा. पृथ्वी फिरते तसं आकाशाच्या कुठल्या भागाकडं औंढ्याचं यंत्र आंधळं असेल त्याचा नकाशा वसमतकर सर आणि अंशछेद यांनी गोलीय भूमितीनं काढावा. प्रोग्रॅम मी लिहून आणतो.


कळमनुरीचा_मास्तर

त्रिकोण काढून बघितला, ४६ च आलं. सोमवारी नववीला देतो. आणि पूर्ण्याला मी बी येतो, चालंल ना?


पूर्णामाय

चालेल काय, यायलाच पाहिजे गुरुजी. कोनमापक आणि नववीच्या वह्या घेऊन या. सिग्नल, सूत्र आणते. त्यात ध्रुवीकरणाचा कोन (लहर कुठल्या दिशेनं ताणते-आखडते तो) येतो आणि तो आपल्याला माहीत नसतो. त्याची सरासरी घ्यायची की सगळ्यांत वाईट किंमत धरायची, यावर माझं ठरलेलं नाही. गणितवाल्यांनी विचार करून यावं.